सिव्हिलची पदवी घेऊन परदेशी निघालात? प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका

चिपळूण, खेड, गुहागर, दापोली, संगमेश्वर भागातली बरीच मुलं सिव्हिलची पदवी हातात आली की आखातातल्या साइटवर जायची तयारी करतात. त्यांच्या कागदपत्रांचं काम आम्ही करतो: पदवीचं अटेस्टेशन (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का), अपॉस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर, जो त्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत चालतो), दूतावासाचा शिक्का, पोलिसांचा दाखला. नोकरी आम्ही लावत नाही आणि नोकरीच्या नावाने पैसेही घेत नाही. हे पत्रक लिहिण्याचं कारण एकच आहे. आठवड्यात एखादा तरी मुलगा हातात ऑफर लेटर घेऊन, धावतपळत, लॅमिनेशन केलेली पदवी आमच्या टेबलावर ठेवतो, आणि त्याला "हे काम आज पुढे सरकणार नाही" असं सांगताना आम्हालाही वाईट वाटतं.

लोक लॅमिनेशन का करतात ते आम्हाला नीट समजतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर बुरशी चढते, कागदाला कसर लागते. त्यात २२ जुलै २०२१ चा पूर. त्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या कार्यालयातही छातीएवढं पाणी होतं. ग्राहकांच्या फायली वरच्या मजल्यावर होत्या म्हणून वाचल्या. कितीतरी घरांतल्या मार्कशीटचा मात्र लगदा झाला. त्यानंतर गावोगावी आईबापांनी मुलांचे सगळे दाखले उचलले आणि झेरॉक्सच्या दुकानात नेऊन प्लास्टिकमध्ये बंद केले. "पुन्हा पूर आला तर?" असं एखादी आई विचारते, तेव्हा तिचं चुकलं असं म्हणवत नाही.

पण शिक्का प्लास्टिकवर बसत नाही. अटेस्टेशनचा शिक्का, सही आणि अपॉस्टिलचा स्टिकर हे सगळं प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूला, थेट कागदावर लागतं. प्लास्टिकवर शाई पुसली जाते, स्टिकर सुटून येतो. शिवाय तपासणाऱ्याच्या बोटांना कागदच लागला नाही, तर तो विद्यापीठाचा आहे की रंगीत छपाई आहे हे त्याने ठरवायचं कसं?

गुहागरकडच्या एका मुलाची गोष्ट सांगतो. मस्कतच्या एका कंपनीची ऑफर होती, पोस्ट ज्युनिअर साइट इंजिनिअरची. लॅमिनेशनचं आम्ही सांगितल्यावर वडिलांनी घरी जाऊन कोमट इस्त्री फिरवली आणि कोपऱ्यातून प्लास्टिक हळूहळू सोलायला घेतलं. अर्ध्यापर्यंत सुटलं. खालच्या बाजूला मात्र गोंद कागदात पुरता मुरला होता. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही तुकडे घेऊन आले. त्यांनी प्लास्टिक खिडकीच्या उजेडात धरलं, तर कुलगुरूंची सही त्यात उलटी दिसत होती. कागदावर सहीच्या जागी नुसती पांढरी, खरवडलेली पट्टी उरली होती. विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज केला, प्रत मिळालीही, पण तोवर कंपनीने दुसरा माणूस घेतला होता. साइटवरचं काँक्रीट कुणासाठी थांबत नाही.

म्हणून आमचा नियम आहे की लॅमिनेशन आम्ही काढून देत नाही. त्यावरून काही ग्राहक रागावतात. अमुक दुकानवाला शंभर रुपयांत काढतो, तुम्ही का नाही, असं विचारतात. कधी ते नीट निघतंही. पण तुमची मूळ पदवी एकच आहे आणि ती आमच्या हातून बिघडली तर आम्ही ती भरून देऊ शकत नाही. अशा वेळी आम्ही दुसऱ्या प्रतीच्या अर्जाला मदत करतो. पदवी मुंबई विद्यापीठाची असो की लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची, फॉर्म, प्रतिज्ञापत्र, जोडायचे कागद सगळं आम्ही बघतो. वेळ मात्र विद्यापीठाच्या हातात असतो आणि तो आठवड्यांत मोजावा लागतो.

पदवी सांभाळायची कशी? एका जाड, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, ज्यातून ती केव्हाही बाहेर काढता येईल. तिच्यासोबत बुटांच्या खोक्यात मिळते तशी सिलिका जेलची पुडी टाका, पण कागदाला चिकटून नको. डांबराची गोळी पिशवीत घालू नका. फाइल माळ्यावर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, गोदरेजच्या वरच्या कप्प्यात ठेवा. गणपतीनंतर पाऊस उघडला की एकदा बाहेर काढून सावलीत हवा द्या. आणि आजच रंगीत स्कॅन करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. लॅमिनेशन करायचंच असेल तर झेरॉक्सला करा आणि ती खुशाल भिंतीवर लावा.

दुसरी गोष्ट, कागद आमच्याकडे देण्याआधी देश नक्की करा. ओमान आणि बहारीन अपॉस्टिलच्या करारात आहेत, सौदी ७ डिसेंबर २०२२ पासून आहे. तिथे परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल लागतो. संयुक्त अरब अमिराती आणि कतार त्या करारात नाहीत, तिथे मंत्रालयाच्या साध्या अटेस्टेशननंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो. ओमानसाठी केलेला कागद दुबईला तसाच चालेल असं धरून चालू नका. कुवेतला जाणाऱ्यांनी तर सगळ्यात आधी कॉलेजात चौकशी करावी. तिथे इंजिनिअर म्हणून मान्यता मिळवताना तुमच्या शाखेला एनबीएची (अभियांत्रिकी अभ्यासक्रम तपासून मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता होती का, हे बघतात. नसेल तर शिक्के कितीही मारले तरी उपयोग होत नाही, आणि ते आम्ही पैसे घेण्याआधीच सांगतो.

"पदवीवर शिक्का नसला तरी कंपनी नेते की," असं काही जण म्हणतात. नेते. पण व्हिसावर हुद्दा फोरमन किंवा टेक्निशियनचा पडतो आणि पगारही त्याच हिशेबाने. सौदीत इंजिनिअर म्हणून काम करायला सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सकडे नोंदणी लागते, तिलाही पदवीच दाखवावी लागते. एकदा चुकीच्या हुद्द्यावर गेलात की तिथून तो बदलून घेणं फार जिकिरीचं असतं.

कागदांचा एवढा आग्रह का, ते साइटवर पहिल्याच महिन्यात कळेल. तिथून सुट्टीवर आलेली मुलं भेटायला येतात आणि हेच सांगतात. इथे मिस्त्रीला तोंडी सांगून स्लॅब भरला जातो. तिथे सळई बांधून झाली की तपासणीची विनंती लेखी द्यायची, कन्सल्टंटचा माणूस येऊन कव्हर (सळईवरच्या काँक्रीटची जाडी), लॅप (दोन सळया एकमेकींवर येतात तो भाग), अंतर मोजणार, सही करणार, आणि मगच ट्रान्झिट मिक्सर आत येणार. उन्हाळ्यात काँक्रीटचं तापमान मर्यादेत राहावं म्हणून पाण्यात बर्फ घालतात आणि भरणी बहुधा रात्रीच होते. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्या उन्हात काम बंद असतं. काँक्रीटची ताकद तपासायला काही साइटवर आपला १५० मिलिमीटरचा क्यूब असतो, तर अमेरिकन संहितेने चालणाऱ्या साइटवर सिलिंडर. हे इथूनच वाचून गेलात तर तिथे गोंधळ उडणार नाही.

अनुभवाचा दाखलाही इथूनच पक्का करा. मुंबई–गोवा महामार्गाच्या कामावर दोन वर्षं काढलेला मुलगा आमच्याकडे येतो आणि त्याच्या पत्रावर "सदर इसम आमचेकडे कामास होता" एवढंच लिहिलेलं असतं. लेटरहेडवर तारखा, हुद्दा, पुलाचं काम होतं की संरक्षक भिंतीचं, सही करणाऱ्याचं नाव आणि फोन, एवढं हवंच. ठेकेदाराचं काम संपून त्याचा कॅम्प हलायच्या आत ते पत्र घ्या. गावात जांभ्या चिऱ्याचे बंगले बांधले असतील तर तेही जरूर लिहून घ्या, फक्त आरसीसीचं काम वेगळं दाखवा.

नाव तपासा. मुंबई विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, शेवटी आईचं नाव असतं, पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. क्रमातल्या फरकाचं आम्ही बघून घेतो, पण स्पेलिंगमधला फरक आधीच दुरुस्त केलेला बरा.

नोकरी लावून देणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. परवानाधारक एजंटला सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. लाखात मागत असेल तर उठून या.

आमच्या दराबद्दल. सरकारी फी, दूतावासाची फी आणि आमचा मेहनताना पावतीवर वेगवेगळा लिहिलेला असतो. निम्मे पैसे आधी घेतो, कारण दूतावासाची फी आम्हाला आधी भरावी लागते. परराष्ट्र मंत्रालय अर्जदाराकडून थेट कागद घेत नाही, नेमून दिलेल्या एजन्सीकडे ते जमा करावे लागतात. मूळ पदवी आम्ही कुरिअरने पाठवत नाही. आमचा माणूस ती स्वतः रेल्वेने मुंबईला नेतो आणि त्याच हाताने परत आणतो. "चार दिवसांत करून देतो" असं आम्ही म्हणणार नाही. प्रत्येक शिक्का झाला की त्याचा फोटो तुमच्या व्हॉट्सॲपवर येईल.

कार्यालय सोमवार ते शनिवार, सकाळी १० ते संध्याकाळी ६. कागद बघून सल्ला देण्याचे पैसे नाहीत. पहिल्यांदा येताना पदवी, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पासपोर्ट आणि असेल तर ऑफर लेटर आणा. दीक्षान्त समारंभाची पदवी अजून हातात आली नसेल तर पासिंग सर्टिफिकेट घेऊन या, पुढचं काय ते तेव्हा सांगू. पदवीची घडी घालू नका, आणि पावसाचे दिवस असतील तर फाइल दप्तरात घालून दप्तरावर रेनकोट चढवा.