टॉर्शन बार आणि अँटी-रोल बार: एका बाजूला झुकलेली गाडी सरळ कशाने होते?

जुनी टाटा सफारी किंवा शेवरले टवेरा खालून पाहिली, तर पुढच्या चाकांशी जोडलेले स्प्रिंग-स्टीलचे दोन प्रकारचे दांडे दिसतात. दोन्ही पीळ खाऊन काम करतात, त्यामुळे गाडी एका अंगाला झुकली की पुष्कळदा भलत्याच दांड्यावर संशय घेतला जातो.

टॉर्शन बार हीच मुळात स्प्रिंग असते. प्रत्येक बाजूला एक, असे हे दांडे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असतात. पुढचे टोक कंट्रोल आर्ममध्ये (चाकाला वर-खाली हलू देणाऱ्या भुजेत), तर मागचे टोक चासीवरील, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरील, अँकर आर्ममध्ये (दांडा धरून ठेवणाऱ्या छोट्या भुजेत) अडकवलेले असते आणि तो अँकर आर्म एका बोल्टने फिरवता येतो. अँटी-रोल बार, म्हणजेच स्टॅबिलायझर, मात्र आडवा असून दोन्ही चाकांना लिंक रॉडने जोडलेला असतो. दोन्ही चाके सारखीच वर गेली तर तो त्याला धरणाऱ्या रबरी बुशमध्ये (कड्यांमध्ये) नुसता फिरतो. एकच चाक वर गेले तरच त्याला पीळ बसतो. तो गाडीचे वजन पेलत नाही. त्याची लिंक तुटली तर खडखडाट होईल, वळणावर गाडी जास्त कलेल, पण सपाट जागी उभी असताना ती झुकणार नाही.

अँकर आर्मचा बोल्ट आवळल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजमध्येही ऐकू येतो. प्रत्यक्षात दांड्याचा ताठरपणा त्याच्या लांबीवर आणि व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतो (व्यास 10 टक्के वाढला तर ताठरपणा सुमारे 46 टक्के वाढतो), आणि बोल्ट फिरवून यातले काहीच बदलत नाही. बदलते ती आर्मची उभे राहण्याची जागा, म्हणजे गाडीची उंची. उंची फार वाढवली की चाकाला खाली जायला वाव उरत नाही आणि गाडी आदळू लागते. लोकांना जाणवणारा कडकपणा बहुधा हाच असतो.

बोल्टला हात लावण्यापूर्वी टायरमधील हवा सारखी करून, सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. त्यानंतर पुढच्या क्रॉस मेंबरच्या (सांगाड्याच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची चाके किंचित उचलावीत आणि या स्थितीत गाडीखाली मुळीच जाऊ नये. तिरकेपणा तसाच राहिला, तर दोष मागच्या बसलेल्या स्प्रिंगचा आहे आणि टॉर्शन बारने तो झाकणे म्हणजे कर्णरेषेत समोरासमोर असलेल्या कोपऱ्यांवर विषम वजन टाकणे होय.

दोष पुढचाच असेल, तर स्टॅबिलायझरची एक लिंक आधी सोडवावी, कारण जोडलेला स्टॅबिलायझर दोन बाजूंमधील फरकाला विरोध करून मोजमाप फसवतो. बोल्ट फिरवताना गाडी भक्कम स्टँडवर ठेवून चाके लोंबकळती ठेवावीत. एका बाजूचा बोल्ट फिरवला की दुसऱ्या बाजूच्या उंचीवरही थोडा परिणाम होतो, म्हणून बोल्ट थोडा थोडाच फिरवावा आणि दर वेळी गाडी खाली घेऊन थोडी पुढे-मागे ढकलल्यावरच पुन्हा मोजावे. शेवटी लिंक जोर न लावता जागेवर बसली पाहिजे आणि उंची बदलताना कॅम्बर (चाकाचा उभा कल) व टो-इनही (चाकांची पुढची बाजू आत वळलेली असणे) बदललेले असल्यामुळे चाकांचे अलाइनमेंट नव्याने करून घ्यावे लागते.