सर्बियाच्या क्रुसाभोवतीचे चार 'स'

वर्षानुवर्षे फिरणारा समज असा: सर्बियाच्या राजचिन्हात क्रुसाच्या चार कोपऱ्यांत दिसतात ती सिरिलिक (सर्बियन भाषेच्या) लिपीतली 'स' ही चार अक्षरे (तिथला 'स' दिसतो इंग्रजी C सारखा), आणि ती 'सामो स्लोगा स्रबिना स्पासावा' (फक्त एकीच सर्बाला तारते) या घोषणेसाठीच कोरली गेली.

घोषणा खरी आहे, आजही भिंतींवर रंगवलेली दिसते. उलटा आहे तो क्रम. आधी चिन्ह आले. घोषणा त्यावर नंतर बसवली गेली.

चार कोपऱ्यांत चार खुणा असलेला क्रूस 14व्या शतकातल्या बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याचा. त्या खुणा कोणी ग्रीक 'बीटा' (B) अक्षरे म्हणून वाचतात, कोणी चकमकीवर आपटून ठिणगी पाडायची पोलादी पट्टी म्हणून. हा वाद जुनाच आहे. सर्बियन लोक मात्र त्यांना 'ओत्सिला' म्हणतात, म्हणजे तीच ठिणगीची पट्टी. सर्बियाचे चिन्ह म्हणून हा क्रूस 16व्या शतकाच्या अखेरच्या चित्रित राजचिन्ह-संग्रहांत सापडतो. घोषणेचा बोलबाला झाला तो 19व्या शतकात. 1882 च्या राजचिन्हातही हीच ओत्सिला आहेत.

पडताळायला इतिहासकार व्हावे लागत नाही. राजचिन्हाचे मोठे चित्र उघडा. डावीकडची जोडी आणि उजवीकडची जोडी आरशातल्यासारखी एकमेकींच्या उलट आहे. चारही जर 'स' असते, तर दोन उलटी का काढली असती? शिवाय जुन्या चित्रांत प्रत्येक खुणेला मधोमध एक टोक असते, ते 'स'ला नसतेच.

तरीही हा समज टिकला याचे नवल नाही. चार सारखे आकार आणि 'स'ने सुरू होणारे चार शब्द इतके चपखल जुळतात की पाठ करायलाही सोपे.