मीटिऑर 350 : फायरबॉल, स्टेलर, ऑरोरा की सुपरनोव्हा?

गॅरेजात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच विचारूलंय म्हणून एकदाचं लिहून ठेवलं. रॉयल एनफील्डच्या या चारही मॉडेलचं इंजिन एकच हो, 349 सीसी, 20.2 बीएचपी, पाच गिअर, टाकी 15 लिटरची. तेव्हा "सुपरनोव्हा जास्त पळते काय" विचारू नका, जादा पैसे दिसण्याचे आणि सोयीचे आहेत. थंडरबर्ड बंद करून 2020 च्या नोव्हेंबरात ही आणली, आणि जुनी थंडरबर्ड चालवलेल्या माणसाला फरक लगेच कळतोय, इंजिनात बॅलन्सर शाफ्ट (थरथर कमी करणारा दांडा) असल्यानं हाताला तेवढ्या मुंग्या येत नाहीत.

फायरबॉल सगळ्यात स्वस्त, सायलेन्सर काळा, मागं बॅकरेस्ट नाही. स्टेलरला ती कंपनीतूनच येते, सुपरनोव्हाला वर विंडस्क्रीन पण, कोल्हापूर हायवेला छातीवर वारा कमी लागतो, गावात मात्र शोभेपुरतीच. घरची मंडळी मागं बसणार असतील तर स्टेलर बघा. फायरबॉल घेऊन बॅकरेस्ट नंतर बसवली तरी चालतंय.

ऑरोरा 2023 ला आली, दिसायला सगळ्यात देखणी, पण तिला स्पोकची चाकं आणि टायरात ट्यूब. बाकी तिघींना अलॉय आणि ट्यूबलेस. पावसाळ्यात चोर्ला घाटातनं गोव्याला जाताना मागचं चाक पंक्चर झालं की 191 किलोची गाडी ढकलत बसायची, ट्यूबलेसला निदान जागेवर स्ट्रिप मारून पुढं जाता येतं. रोज खानापूर-बेळगाव करणाऱ्याला आम्ही ऑरोरा सुचवत नाही, विकायला आमच्याकडं उभी असली तरी.

सीट 765 मिमी, बुटक्या माणसाचे पण पाय टेकतात. फूटरेस्ट पुढं असल्यानं खड्ड्याचा दणका मात्र सरळ कंबरेला बसतो, दोघं बसणार असाल तर मागचं शॉकअप सेट करून घ्या, सहा टप्पे आहेत त्याला.

जुनी घेणाऱ्यांनी भाव नीट करावा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाइकचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, ही त्यात बसते, तेव्हा आधीच्या ऑन-रोड किमतीवर कुणी भाव सांगूलाय तर घासाघीस करा, आमच्याशी पण. आणि स्वस्तात मिळते म्हणून एमएच 09 ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, आणणार असाल तर वर्षाच्या वर इकडं बेळगावात ठेवायला तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला रोड टॅक्स आणि बेळगावचा केए 22 नंबर, हा खर्च आधी धरा. लोन असेल तर बँकेची एनओसी वेगळी.

टेस्ट राइडला येताना लायसन्स आणि हेल्मेट आणा, पेट्रोल आमचं.