रेणवीय बहिर्वाह

सक्रिय, म्हणजे भोवतालचा वायू गिळत असलेले, कृष्णविवर पोटात असलेल्या दीर्घिकेतून थंड रेणवीय वायू सेकंदाला शेकडो, क्वचित हजारावर किलोमीटर वेगाने बाहेर लोटला जाण्याची घटना. तारे याच वायूतून जन्मतात. तो गेला की दीर्घिकेची शिदोरी आटते.

हायड्रोजनच्या रेणूला स्थायी द्विध्रुव आघूर्ण (धन व ऋण विद्युतभारांची कायमची विषम विभागणी) नसल्याने थंड अवस्थेत तो जवळजवळ मुका असतो, म्हणजे प्रारण सोडत नाही. म्हणून कार्बन मोनॉक्साइडची ११५.२७ गिगाहर्ट्‌झची रेडिओ वर्णरेषा मोजतात आणि एका गुणकाने हायड्रोजनचे वस्तुमान काढतात. गुणक आपल्या आकाशगंगेचा घ्यावा की वेगाने तारे घडविणाऱ्या दीर्घिकांचा, यावर उत्तर सुमारे पाचपट बदलते. पुढील आकडे त्या बेताने वाचावेत. मार्करियन २३१ या दीर्घिकेत २०१० साली फ्रान्समधील प्लाटो द ब्यूर येथील दुर्बिणींना या रेषेचे रुंद पंख, म्हणजे वेगवान वायूमुळे दोन्ही बाजूंना पसरलेल्या कडा, आढळले. त्यावरून वर्षाला सुमारे ७०० सूर्यांइतका वायू बाहेर पडत असावा.

खरा वाद उगमाचा आहे. सेकंदाला काही दशक किलोमीटर वेगाच्या आघातलाटेतही रेणू फुटू शकतो. मग इतक्या वेगात तो टिकतो कसा? एका मतानुसार मूळचेच थंड ढग कृष्णविवराच्या परिसरातून सुटणाऱ्या तप्त वायूच्या वाऱ्यात ओढले जातात. दुसऱ्या मतानुसार आघाताने तापलेला वायू वाहता वाहताच निवतो आणि धूलिकणांवर रेणू नव्याने जुळतात. सीमाभागातल्या वाचकाने पावसाळ्यात जांबोटीहून चोर्ला घाटाकडे जाताना पाहावे. गोव्याकडची हवा खाली पारदर्शक असते. कड्याला भिडून चढताना ती निवते, कड्याच्या ओठावरच ढग धरतो आणि गाडीची काच पुन्हा पुन्हा पुसावी लागते. तो ढग कोणी खालून वाहून आणलेला नसतो. घाटात हवा प्रसरणाने निवते, दीर्घिकेत वायू प्रारण सोडून निवतो, एवढा भेद ध्यानात ठेवावा. संगणकीय प्रतिकृतींचा कौल पाहता, निदान सर्वांत वेगवान वायूपुरते, प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. धूळ आघातातून वाचते, हे मात्र त्यात गृहीत धरावे लागते.

वाऱ्याला रेटा कृष्णविवराभोवतीच्या तबकडीचे प्रारण देते. आयसी ५०६३ सारख्या दीर्घिकेत तो रेटा रेडिओ झोत, म्हणजे कृष्णविवराजवळून सुटणारा वेगवान कणांचा अरुंद प्रवाह, देतो. सगळा वायू कायमचा जातोच असे नाही. खळ्यावर भात उफणताना भूस उडते, दाणा पायाशी पडतो. तसा मंद वायू पुन्हा दीर्घिकेत उतरतो.

बेळगावहून सहज शोधता येणारे उदाहरण म्हणजे तिमिंगल तारकासमूहातील मेसिए ७७ ही दीर्घिका. डिसेंबरच्या मध्यास रात्री पावणेदहाच्या सुमारास ती दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ७४ अंशांवर येते. खानापूरच्या रानातल्या काळोखात लहान दुर्बिणीतून धुरकट ठिपका दिसतो. त्याच ठिपक्याच्या गाभ्यातून वायू बाहेर पडत असल्याचे चिलीमधील आल्मा दुर्बिणींच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत आढळले.