पॉपकॉर्न : गोड व खारट चवीची देशोदेशीची आवड

मक्याच्या लाह्या म्हणजे पॉपकॉर्न जगभर खाल्ले जातात. पण त्यांवर मीठ पडणार की साखर, हे देशागणिक बदलते. अमेरिकेतल्या चित्रपटगृहात नुसते पॉपकॉर्न मागितले, तर लोण्याच्या चवीचे खारट पॉपकॉर्न हातात पडतात. जर्मनीत तशीच मागणी केली, तर बहुतेक ठिकाणी गोड मिळतात आणि खारट हवे असतील तर मुद्दाम सांगावे लागते. ब्रिटनमध्ये विक्रेताच आधी विचारून घेतो. या फरकाचे कारण लोकांच्या जिभेत आहे असे सहज वाटते. प्रत्यक्षात ते बऱ्याच अंशी भट्टीवरच्या भांड्यात आणि पॉपकॉर्न त्या त्या देशात कोणत्या विक्रेत्याच्या हातून पोहोचले यात आहे.

भांड्यापासूनच सुरुवात करू. मक्याच्या दाण्यात साधारण १४ टक्के ओलावा असतो. दाणा सुमारे १८० अंश सेल्सियसपर्यंत तापला की आतल्या वाफेच्या दाबाने कवच फाटते आणि पिठूळ गर फुलून बाहेर येतो. फुललेली लाही कोरडी व खडबडीत असते. तिच्यावर जाडे मीठ टाकले तर ते टिकत नाही, सरळ तळाशी जाते. म्हणून खारट पॉपकॉर्नला दोन गोष्टी लागतात : तेला-लोण्याचा हलका थर आणि पिठासारखे बारीक मीठ. अमेरिकी चित्रपटगृहांत लोण्याच्या वासाचे, केशरी-पिवळसर, अतिबारीक मीठ (फ्लॅव्हाकोल हे त्यातले सर्वपरिचित नाव) वरून भुरभुरण्याऐवजी तेल आणि दाण्यांबरोबर भांड्यातच घालतात. दाणा फुलताना मीठ लाहीला सगळीकडून लागते आणि पिवळा रंगही तिथेच चढतो.

साखरेचे काम नाजूक आहे. ती भांड्यातच घातली तर दाणा फुटण्याचे आणि साखर वितळून तांबूस होण्याचे तापमान जवळजवळ एकच पडते. लाह्यांना साखर लागणे आणि साखर जळणे यांत मोजके क्षण असतात. शेवटचे काही दाणे फुटायचे असतानाच भांडे उलटे करावे लागते आणि साखर कडक होण्याआधी लाह्या हलवून सुट्या कराव्या लागतात. शिवाय भांड्याच्या तळाशी साखरेचे काळे कीट धरते. ते खरवडून न काढता त्यातच खारट पॉपकॉर्न केले, तर त्यांत करपट गोडवा आणि काळे कण येतात. ज्या चित्रपटगृहाकडे एकच यंत्र आहे, त्याला एक चव निवडणे भाग पडते. प्रेक्षकाला ती देशाची आवड वाटते. पुष्कळदा तो एका भांड्याचा नाइलाज असतो.

कॅरॅमल पॉपकॉर्नची रीत वेगळी. लाह्या आधी फुलवून घेतात आणि मग त्यांवर पाक चढवतात. त्यासाठी गोल, घट्ट फुलणाऱ्या जातीचा मका वापरतात. चित्रपटगृहात दिसणारी पंख फुटल्यासारखी लाही पाकात ढवळताना मोडते, गोल लाही मोडत नाही. साखरेच्या आवरणामुळे हवेतला ओलावाही लवकर आत शिरत नाही. खारट लाही थोड्या वेळात मऊ पडते, गोड लाही त्यामानाने टिकते. त्यामुळे गोड पॉपकॉर्न कारखान्यात करून, पोत्यांत भरून दूरवर पाठवता येतात आणि विक्रीच्या जागी नुसते उबदार ठेवले तरी भागते. जिथे चित्रपटगृहात यंत्रच नाही, तिथे गोड चवीला हा फायदा आपोआप मिळतो.

अमेरिकेची खारट आवड कशी पक्की झाली, याचा इतिहास स्पष्ट आहे. शिकागोतील चार्ल्स क्रेटर्स याने आपला व्यवसाय १८८५ मध्ये सुरू केला आणि १८९३ च्या तेथील जागतिक प्रदर्शनात वाफेवर चालणारे पॉपकॉर्न यंत्र लोकांसमोर मांडले. त्यात दाणे चरबी, लोणी व मीठ यांच्या मिश्रणातच फुलत, म्हणजे चव यंत्रातच ठरून बाहेर येई. पुढे बोलपट आले, मग महामंदी आली. पाच-दहा सेंटांत पिशवी भरून मिळणारा हा खाऊ लोकांना परवडत होता. गालिचे खराब होतील, कुरकुर आवाज होईल म्हणून पॉपकॉर्नला दाराबाहेर ठेवणाऱ्या चित्रपटगृहांनी अखेर त्याला आत घेतले. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग झाले, मिठाई दुर्मीळ झाली आणि खारट पॉपकॉर्नचा खप वाढला. मीठ खाल्ले की तहान लागते आणि शीतपेय विकले जाते, हेही चित्रपटगृहांच्या लवकर लक्षात आले.

तरीही अमेरिकेला सरसकट खारट म्हणणे चूक ठरेल. याच शिकागोत र्‍यूकहाइम बंधूंनी काकवीच्या पाकातले पॉपकॉर्न आणि शेंगदाणे ‘क्रॅकर जॅक’ या नावाने १८९६ पासून विकले आणि बेसबॉलच्या मैदानावर ते आजही रुजलेले आहेत. एकाच शहरातून निघालेल्या दोन चवींपैकी एक चित्रपटगृहात गेली, दुसरी मैदानावर. देशापेक्षा जागेनुसार चव ठरते, याचा याहून चांगला दाखला नाही.

युरोपात तर शेजारी देशांतही एकवाक्यता नाही. जर्मनीत पॉपकॉर्न जत्रेत साखरेत परतलेले बदाम आणि ‘बुढ्ढी के बाल’ यांच्या शेजारी विकले जातात, म्हणजे मिठाईच्या पंगतीत बसतात. चित्रपटगृहातही त्यांनी तीच चव राखलेली दिसते. फ्रान्समध्येही गोड चव जोरात आहे. नेदरलँड्समध्ये दोन्ही चवी समोरासमोर ठेवलेल्या असतात. जर्मनीची सीमा ओलांडून डेन्मार्क किंवा पोलंडमध्ये गेले की मात्र पॉपकॉर्न खारट होतात. स्वीडन आणि इटलीतही तसेच. हवामान, शेती किंवा एकूण स्वयंपाक यांवरून हा नकाशा समजावून सांगता येत नाही. ब्रिटनमधले ‘गोड’ म्हणजे बहुधा साध्या साखरेचे फिके पॉपकॉर्न. टॉफीच्या पाकातले तांबूस पॉपकॉर्न तिथे वेगळे मानतात आणि बटरकिस्ट हे त्यातले जुने नाव आहे.

लॅटिन अमेरिकेत हीच विविधता आणखी ठळक आहे. अर्जेंटिना व चिलीत गोड चव नेहमीची. पेरूत चित्रपटगृहात खारट खातात. मक्याच्या लाह्यांचे अतिप्राचीन, सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीचे अवशेष पेरूच्याच किनाऱ्यावर सापडले आहेत, पण त्यांचा आजच्या चवीशी संबंध जोडण्याची घाई करू नये. ब्राझीलमध्ये रस्त्यावरच्या गाडीतच एका बाजूला खारट आणि दुसऱ्या बाजूला गोड, अनेकदा गुलाबी रंगाचे, पॉपकॉर्न असतात. मेक्सिकोत खारट पॉपकॉर्नवर तिखट सॉस आणि लिंबू पिळतात; तिथे गोड-खारट या वादापेक्षा तिखट-आंबटाला महत्त्व आहे.

चीनमध्ये चित्रपटगृहांतले पॉपकॉर्न प्रामुख्याने गोड असतात. त्याआधीपासून तिथले फिरते कारागीर लोखंडी बंद भांडे विस्तवावर फिरवत तापवीत आणि मोठा आवाज करून त्यातले धान्य एकदम पोत्यात फुलवीत. त्यातही गोडी घालण्याची चाल होती. दक्षिण कोरियात कॅरॅमल लोकप्रिय आहे. जपानमध्ये मीठ आणि कॅरॅमल या दोन मुख्य चवी असल्या, तरी सोया सॉस व लोणी, करी अशा चवीही रुळल्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत वेगळीच मुभा दिसते : पॉपकॉर्न घेतल्यावर शेजारी ठेवलेल्या चवदार भुकट्यांच्या डब्यांतून ग्राहक हवी ती चव स्वतः शिंपडून घेतो. इथिओपियात पॉपकॉर्नचे स्थान कॉफीच्या पारंपरिक विधीत आहे. कॉफीबरोबर घरी पाहुण्यांपुढे ठेवलेल्या या लाह्यांत कुठे मीठ असते, कुठे किंचित साखर.

भारतात मीठ-मसाल्याचे पॉपकॉर्न सर्वत्र आणि कॅरॅमलचे मुख्यतः मोठ्या चित्रपटगृहांत, अशी विभागणी आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर या दोन चवींचा कराच्या दृष्टीने काय फरक आहे, याचे स्पष्टीकरण देण्यात आले. त्यानुसार मीठ-मसाल्याच्या सुट्या पॉपकॉर्नवर ५ टक्के, वेष्टनबंद व लेबल लावलेल्यांवर १२ टक्के, तर कॅरॅमल पॉपकॉर्नवर १८ टक्के कर होता. पहिले दोन नमकीन, तिसरे साखरेची मिठाई, असा त्यामागचा तर्क. समाजमाध्यमांवर त्याची पुष्कळ थट्टा झाली. पण साखर पडली की पॉपकॉर्नची जातच बदलते हे विक्रेत्यांना आधीपासून ठाऊक होते, कारण त्यांचे भांडे, मका आणि साठवण सारेच बदलते.

दोन्ही चवी एकत्र करण्याची रीत जुनीच. अमेरिकेत जत्रांतून मिळणाऱ्या ‘केटल कॉर्न’मध्ये साखर आणि मीठ दोन्ही असतात. शिकागोत कॅरॅमल व चीजचे पॉपकॉर्न एका पिशवीत मिसळून विकतात. ब्रिटनमध्ये गोड-खारट मिश्रणाची वेष्टने दुकानांतून सर्रास मिळतात. या जोडीमागे शरीरशास्त्राचा आधार आहे : मीठ कडवटपणा दाबते, त्यामुळे तांबूस झालेल्या साखरेची कडसर छटा मागे पडते आणि गोडी अधिक उठून दिसते. मात्र दोन वेगवेगळे पॉपकॉर्न एका डब्यात ओतले, तर बारीक मीठ हळूहळू खाली उतरते आणि तळाचे घास जास्त खारट लागतात. दोन्ही चवी प्रत्येक लाहीवर हव्या असतील, तर साखर आणि मीठ दोन्ही वेळेवर भांड्यात पडायला हवेत.