चालू होताना काय काय चालू व्हावं?

"सर, कॉम्प्युटर चालू व्हायला लई टाइम घ्यायलाय, फॉर्मेट मारून द्या." उदगीर असो, परळी असो की जिंतूर, दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य रोज कानावर पडतं. दुकानदार पैसे घेतो, विंडोज नव्याने टाकतो. मशीन महिनाभर पळतं आणि पुन्हा रेंगाळायला लागतं. खरं तर बऱ्याच वेळा फॉर्मेटची गरजच नसते. उशीर होतो तो मशीन सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या प्रोग्रामच्या यादीमुळे. ती यादी उघडण्याचं साधन विंडोजमध्येच आहे, फुकट आहे आणि 1998 पासून आहे. तरी ते लोकांच्या हाती राहिलं नाही. ते का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

आयबीएमचा पीसी 1981 साली आला, तेव्हा सुरुवातीची सूत्रं मालकाच्याच हातात होती. डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टीम, सुरू झालं की ते 'ऑटोएक्झेक डॉट बॅट' नावाची फाइल शोधायचं आणि तिच्यात लिहिलेल्या आज्ञा वरून खाली पार पाडायचं. 1983 मध्ये डॉस 2.0 आलं आणि जोडीला 'कॉन्फिग डॉट सिस' आली. माउससारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिच्यातून मेमरीत चढायचे. दोन्ही साध्या मजकुराच्या फायली. एखादी गोष्ट नको असेल तर त्या ओळीच्या आधी 'आरईएम' लिहायचं, की ती ओळ गप्प. पुढे 1993 च्या डॉस 6.0 मध्ये सुरू होताना एफ8 दाबलं की मशीन 'कॉन्फिग डॉट सिस'ची एकेक ओळ दाखवून विचारायचं, ही चालवू का? प्रोग्रामसाठी मेमरी मिळायची 640 केबी, तीही सगळ्यांत वाटून. त्यामुळे काय चढवायचं आणि काय नाही, याचा हिशोब माणसाला करावाच लागायचा. त्या काळात शिकलेल्यांना ही यादी आजही तोंडपाठ असते.

विंडोज 95 ने ही यादी नजरेआड केली. 'स्टार्टअप' नावाचं एक फोल्डर समोर दिसायचं, पण खरी गर्दी रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोज आपली सेटिंग जिथे ठेवतं त्या कोठाराच्या पोटात, 'रन' नावाच्या कप्प्यात. कुठलाही प्रोग्राम टाकला की तो न विचारता तिथे स्वतःचं नाव लिहून मोकळा. शिवाय डॉसच्या त्या दोन फायली होत्याच, आणि जुन्या विंडोजची सेटिंगची फाइल 'विन डॉट आयएनआय'ही. आपोआप सुरू होण्याच्या जागा झाल्या किमान पाच, आणि सामान्य माणसाला माहीत होती त्यांतली एखादीच.

ही पसरलेली यादी एका खिडकीत आणली ती विंडोज 98 मधल्या 'एमएसकॉन्फिग'ने. स्टार्ट मेनूतल्या 'रन'मध्ये जाऊन हा शब्द टाइप करायचा, की समोर नावांची यादी आणि प्रत्येक नावापुढे टिक. तिची खरी हुशारी अशी, की टिक काढल्याने प्रोग्राम पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू व्हायचा थांबतो. पुन्हा टिक केली की पूर्ववत. चुकायला वाव देणारं असं साधन नवशिक्यासाठी किती मोलाचं असतं, हे मी डीटीपीच्या एका दुकानात शिकलो. मशीन हलकं करायच्या भरात मी सगळ्या टिक काढल्या. मशीन खरंच झपकन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी टायपिस्ट लग्नपत्रिका करायला बसली आणि स्क्रीनवर उमटायला लागली नुसती इंग्रजी अक्षरं. मराठी टायपिंगचा छोटा प्रोग्रामही त्याच यादीत होता, मी त्यालाही झोपवलं होतं. एक टिक परत केली, मशीन रिस्टार्ट केलं, पत्रिका वेळेत गेली. तेव्हापासून आधी नाव वाचायचं आणि मग टिक काढायची, हा नियम मी मोडलेला नाही.

विंडोज 2000 मध्ये एमएसकॉन्फिग नव्हतं. 2001 च्या एक्सपीत ते परत आलं. आपल्याकडे कॉम्प्युटर घराघरांत पोचला तो साधारण याच काळात, एमएस-सीआयटीचे वर्ग आणि सायबर कॅफे यांच्या वाटेने. रॅम 128 किंवा 256 एमबी, आणि बाहेर लोडशेडिंग. मराठवाड्यात मशीन सुरू व्हायला किती वेळ लागतो हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त बोचायचा, तो यामुळेच. लाइट आली की मशीन लावायचं. ते डेस्कटॉपवर येऊन माउसला दाद देईपर्यंत पाच मिनिटं. दहावीचा निकाल बघायला पोरं दारात उभी, आणि तेवढ्यात लाइट पुन्हा जायची. यूपीएसची बॅटरी म्हातारी झालेली असेल तर सगळं पहिल्यापासून. ज्या कॅफेवाल्याला ही यादी छाटता यायची, त्याचं गिऱ्हाईक टिकायचं.

याच खिडकीतल्या 'बूट' टॅबने मात्र एक गैरसमज पसरवला, आणि तो अजून जिवंत आहे. तिथे प्रोसेसरची संख्या निवडायची सोय आहे. 'चार कर, मशीन चौपट पळतं' असा सल्ला छातीठोकपणे दिला जातो. ती सोय मर्यादा घालण्यासाठी आहे. कमी प्रोसेसरवर आपला प्रोग्राम कसा चालतो, हे बनवणाऱ्याला तपासता यावं म्हणून. तिला हात लावला नाही तर विंडोज सगळे प्रोसेसर आपणहून वापरतं. त्याच टॅबवर 'सेफ बूट'ची टिक राहून गेली तर मशीन दर वेळी सेफ मोडमध्येच, म्हणजे अगदी गरजेपुरत्या गोष्टी घेऊन उघडतं. अशी चांगली मशीनं केवळ त्या एका टिकेपायी फॉर्मेट होताना मी पाहिली आहेत.

2012 मध्ये विंडोज 8 आलं आणि यादीने घर बदललं. एमएसकॉन्फिगमध्ये तिच्या जागी नुसती एक लिंक उरली. यादी गेली टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या खिडकीत. वर्गात एक्सपी शिकलेली पिढी इथेच चुकली. जुन्या जागी गेली, यादी दिसली नाही, आणि फॉर्मेटचा रस्ता सोपा वाटला. खरं तर नवी यादी जुनीपेक्षा शहाणी आहे. प्रत्येक नावापुढे त्याचा भार लिहिलेला असतो. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ खाणारा किंवा डिस्कवर 3 एमबीपेक्षा जास्त उलाढाल करणारा प्रोग्राम तिथे 'हाय' म्हणून दिसतो.

विंडोज 8 ने 'फास्ट स्टार्टअप'ही आणलं. शटडाउन करताना विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. म्हणून 'बंद करून चालू कर' हा पिढीजात उपाय हल्ली लागू पडेलच असं नाही. अगदी कोरी सुरुवात हवी असेल तर 'रिस्टार्ट' करावं लागतं.

लिनक्सवाल्यांकडेही हेच चालत आलंय: 2010 पासून 'सिस्टमडी' ही मशीन सुरू होताना सेवा चालवणारी यंत्रणा, आणि कोणत्या सेवेने किती वेळ खाल्ला हे सांगणारी तिची एका ओळीची आज्ञा. पण आपल्या सेवा केंद्रांत ते क्वचितच दिसतं.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून येणारे मोफत अपडेट, संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय आणि किमान 4 जीबी रॅम लागते. गावोगावची बरीच मशीनं त्यात बसत नाहीत, आणि जी कशीबशी बसतात ती सुरू होताना धापा टाकतात. जुलैत पीकविम्याची रांग लागते, तेव्हा अशाच मशीनवर काम चालतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात 'स्टार्टअप'. परवा एका केंद्रावर तिथे चौदा नावं होती. मराठी कीबोर्ड, अँटीव्हायरस आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम एवढे ठेवले, बाकी अकरा 'डिसेबल' केले. चालवणाऱ्या ताईंनी ती तीन नावं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली.