सुजलेला पाय आणि डॉक्टरांची चिठ्ठी

समजा, सांगोल्याकडची पंचावन्न वर्षांची एक बाई आहे. मधुमेह पंधरा वर्षांचा. डावा पाय घोट्याखाली सुजलाय, लाल झालाय, हात लावला तर गरम लागतो. दुखतं का विचारलं तर म्हणते, "तसं काही नाही." तळव्याला एक जुनी जखम आहे, तीही दुखत नाही. खरी काळजी या न दुखण्याचीच आहे.

तपासणाऱ्या फिजिशियनसमोर दोन शक्यता असतात. पहिली, जखमेतले जंतू हाडापर्यंत पोचले आहेत. दुसरी, हा शार्को पाय आहे. मधुमेहाने नसा बधिर झाल्या की पायातली लहान हाडं नकळत मोडतात, सांधे सरकतात आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. फ्रान्सच्या शार्को यांनी १८६८ साली असे सांधे उपदंशाच्या (सिफिलिसच्या) रुग्णांत वर्णन केले. मधुमेहाशी अशा सांध्यांचा संबंध १९३६ साली जॉर्डन या अमेरिकन डॉक्टरांनी जोडला. बाहेरून जंतूंचा पाय आणि शार्कोचा पाय सारखेच दिसतात, उपचार मात्र एकमेकांच्या उलट. हाडात जंतू असतील तर आठवडेच्या आठवडे प्रतिजैविकं आणि कधी शस्त्रक्रिया. शार्को असेल तर प्लास्टर आणि पायावर अजिबात भार न देणं. निदान चुकलं तर एक तर प्लास्टरच्या आत पू वाढतो, नाहीतर गोळ्या खात चालणाऱ्या बाईच्या पायाची कमान कायमची बसते.

एक्स-रे सुरुवातीचे दोन-तीन आठवडे फारसं सांगत नाही, कारण हाडातलं खनिज बरंच घटल्याशिवाय त्यात फरक उमटत नाही. बोथट सळी जखमेत घालून तळाशी हाड टणक लागतं का हे पाहणं ही साधी पण कामाची तपासणी. एमआरआय उत्तम, पण शार्कोच्या पायात तोही कधी कधी घोटाळ्यात पडतो. अशा वेळी न्यूक्लिअर मेडिसिन विभागाची, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य शरीरात सोडून तपासणी करणाऱ्यांची, आठवण होते. आणि नेमक्या याच ठिकाणी, माझ्या मते, प्रशिक्षणाचा प्रश्न उभा राहतो.

कारण बहुतेक वेळा चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'बोन स्कॅन करावा'. या तपासणीत टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य हाडाकडे जाणाऱ्या फॉस्फेटच्या संयुगाला जोडून शिरेत टोचतात. जिथे नवं हाड बनतंय तिथे ते जमतं आणि गॅमा कॅमेऱ्यात ती जागा उजळते. पण मोडलेलं हाडही नव्याने बनतं आणि जंतूंनी पोखरलेलंही. म्हणजे शार्को असो वा संसर्ग, पाय दिव्यासारखा लखलखणार. अहवाल 'पॉझिटिव्ह' येतो आणि डॉक्टर होते तिथेच राहतात. स्कॅन निगेटिव्ह आला तर मात्र हाडातला संसर्ग बहुतेक बाद करता येतो. ही त्याची खरी किंमत. हे ज्याला ठाऊक नाही तो पैसे खर्चून गोंधळ विकत घेतो.

बाईसाठी नेमका प्रश्न असतो: पायात पांढऱ्या पेशी जमतायत का? त्यासाठी तिचंच चाळीस-पन्नास मिलिलिटर रक्त काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, त्यांना टेक्नेशियम जोडतात आणि पुन्हा तिच्याच शिरेत सोडतात. जंतूंशी लढायला धावणाऱ्या या पेशी जाताना आपला माग सोडत जातात. छायाचित्रं तीन-चार तासांनी आणि मग वीस-चोवीस तासांनी घेतात. जंतू असतील तर खूण वेळेबरोबर वाढते. नुसती सूज असेल तर फिकी होत जाते. तरी एक मेख उरते. शार्कोच्या पायात कधी नवी अस्थिमज्जा तयार होते आणि पांढऱ्या पेशी तिच्यातही मुक्काम करतात. मग मज्जेचा वेगळा स्कॅन करून दोन्ही शेजारी ठेवून पाहावे लागतात. प्रयोगशाळेत शिस्तही कडक. एका वेळी एकाच रुग्णाचं रक्त हाताळायचं, नाव पुन्हा पुन्हा ताडायचं. एकाचं रक्त दुसऱ्याला गेलं तर काय, हे सांगायला नको. हे पुस्तकातून येत नाही, हाताखाली काम करूनच येतं.

असं शिकवणारी जुनी जागा आपल्या मुंबईत आहे. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली सुरू केलं. देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ साली तिथेच बसला. तिथून शिकून गेलेले डॉक्टर देशभर विभाग चालवतात. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही शिष्यवृत्त्या, कार्यशाळा आणि ऑनलाइन धड्यांमधून अनेक देशांतल्या डॉक्टरांना तयार करते. पण हे सगळं मुख्यतः स्कॅन करणाऱ्यांसाठी. चिठ्ठी लिहिणाऱ्याला कोण शिकवतं? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि त्यांची पहिली गाठ पडते ती याच चिठ्ठी लिहिणाऱ्याशी.

खरं तर मधुमेह आणि किरणोत्साराची दोस्ती जुनी आहे, आणि ती जुळली ती एकमेकांना शिकवण्यातून. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सॉलोमन बर्सन हे डॉक्टर आणि रोझलिन यालो या भौतिकशास्त्रज्ञ एकत्र काम करत. तिने त्याला भौतिकशास्त्र शिकवलं, त्याने तिला वैद्यक. किरणोत्सारी आयोडीन लावलेलं इन्शुलिन टोचल्यावर, आधी इन्शुलिन घेतलेल्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळतं, असं त्यांना दिसलं. शरीर इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवतंय, हा त्यांचा निष्कर्ष तेव्हा कुणाला पचेना. १९५६ साली तो छापून येण्याआधी एका नामांकित नियतकालिकाने परतही पाठवला होता. त्यातूनच रक्तातले सूक्ष्म संप्रेरक मोजायची पद्धत निघाली. यालोंना १९७७ साली नोबेल मिळालं. बर्सन १९७२ सालीच वारले होते.

पायाइतकीच दुर्लक्षित जागा म्हणजे जठर. जेवणाआधी इन्शुलिन घेतलेल्या माणसाची शुगर जेवूनही कोसळते आणि चार तासांनी चढते. औषध चुकत नसतं. अन्न जठरातून पुढे सरकतच नसतं. ते मोजायला किरणोत्सारी द्रव्य मिसळलेला ठरावीक नाश्ता देतात आणि चार तास कॅमेऱ्याने पाहतात. चार तासांनंतर दहा टक्क्यांहून अधिक अन्न उरलं तर जठर मंदावलंय. परदेशी पद्धत अंड्याच्या पांढऱ्या बलकाची. अंडं न खाणाऱ्यांसाठी आपल्याकडे इडलीही वापरून पाहिली आहे. अन्न बदललं की सामान्य आकडेही बदलतात, हे मात्र ध्यानात ठेवावं लागतं. शिवाय त्या सकाळी शुगर फार चढलेली असेल तर तीच जठराला मंद करते. सेमाग्लुटाइडसारखी मधुमेहाची नवी औषधंही तेच करतात. रुग्ण काय घेतोय हे विचारलं नाही तर औषधाचा परिणाम आजार म्हणून छापला जातो.

स्कॅन कधी मागू नये, हेही शिकण्यासारखं. मधुमेहात हृदयविकार छातीत न दुखताही असू शकतो, म्हणून सगळ्यांचाच हृदयाचा रक्तपुरवठा स्कॅनने तपासावा, असं वाटणं साहजिक आहे. अमेरिका-कॅनडात १,१२३ लक्षणं नसलेल्या रुग्णांवर हे करून पाहिलं. निष्कर्ष २००९ साली आले. सरासरी ४.८ वर्षांत, स्कॅन झालेल्या गटात हृदयविकाराचा झटका किंवा हृदयविकाराने मृत्यू १५ जणांना, न झालेल्या गटात १७ जणांना. फरक नगण्य.

आता पुन्हा सांगोल्याच्या बाईकडे. चिठ्ठीवर 'बोन स्कॅन' ऐवजी असं लिहिलं असेल: 'डावा पाय, तळव्याला जुनी जखम, सळी हाडाला लागत नाही, एक्स-रेत सांधे सरकलेले, प्रतिजैविक आठ दिवसांपूर्वी बंद. संसर्ग की शार्को?' तर पलीकडचा डॉक्टर पांढऱ्या पेशींचा स्कॅन निवडेल आणि मज्जेचाही तयार ठेवेल. टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणजे चोवीस तासांनी त्याचा सोळावा हिस्सा उरतो; कॅमेऱ्याखाली जास्त वेळ पडून राहावं लागतं. दुसऱ्या दिवशीच्या त्या छायाचित्राखेरीज निर्णय होत नाही, म्हणून चिठ्ठी देतानाच बाईला सांगावं लागतं: पुण्याला रात्रीच्या मुक्कामाची सोय करून या, आणि तोवर या पायावर उभं राहू नका.